नाद आणि निःशब्द : गिरगावचा प्रेक्षक आणि ‘प्रभात’चे दोन चित्रपट

१

मराठी चित्रपटाच्या पहिल्या पंचवीस वर्षांचा इतिहास बहुधा निर्मितिसंस्थांच्या अंगाने लिहिला गेला आहे. नाशिक, कोल्हापूर आणि पुणे ही त्या इतिहासाची ठाणी होत. चित्रपट जेथे तयार होतो त्या जागेला असे महत्त्व मिळणे स्वाभाविकच आहे. परंतु चित्रपट जेथे पाहिला जातो त्या जागेचाही एक इतिहास असतो आणि तो दिग्दर्शकाच्या तंत्रविचारावर आपला ठसा उमटवीत असतो. मराठी चित्रपटाच्या बाबतीत ही जागा प्रामुख्याने गिरगाव ही होय. फणसवाडी मध्यबिंदू कल्पून चालत जाण्याच्या अंतराचे एक वर्तुळ काढले, तर या माध्यमाच्या इतिहासातील बरेचसे टप्पे त्यात सामावतात. १९११ साली दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला तो गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर आला तो सँडहर्स्ट रोडवरील कॉरोनेशनमध्ये. ‘आलम आरा’ने १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकच्या पडद्याला वाचा दिली आणि पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा पहिला बोलपट त्याच चित्रपटगृहात लागला. ‘संत तुकाराम’ डिसेंबर १९३६ मध्ये सेंट्रल सिनेमात प्रदर्शित झाला आणि तेथे वर्षाहून अधिक काळ चालला.

या वर्तुळातील प्रेक्षक कोरी पाटी घेऊन चित्रपटगृहात शिरत नव्हता. वाड्यांतून आणि चाळींतून राहणाऱ्या या पांढरपेशा व श्रमजीवी समाजाच्या पाहण्याला आणि ऐकण्याला काही वळणे आधीच लागलेली होती. फणसवाडीतील व्यंकटेशाच्या देवस्थानात किंवा आसपासच्या लहानमोठ्या देवळांत तो दर्शनाला जात असे. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून चालत आलेला सार्वजनिक गणेशोत्सव, कीर्तने, भजने आणि मेळे त्याच्या परिचयाचे होते. संगीत नाटकातील पदाला ‘वन्समोअर’ देण्याचा हक्क तो आपला मानत होता. दर्शन, श्रवण आणि दाद या तीन सवयींनी त्याची रसिकता घडलेली होती. दिग्दर्शकाने कॅमेरा, संकलन आणि ध्वनी यांच्या साहाय्याने भाव जागवायचा तो या सवयींशी व्यवहार करूनच. त्यांचा आधार घेणे हा एक मार्ग, त्यांना अडवणे हा दुसरा.

हे दोन मार्ग एकाच संस्थेत, अवघ्या वर्षभराच्या अंतराने चोखाळले गेले. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) या दोन्ही चित्रपटांचे संगीतकार केशवराव भोळे आणि छायालेखक व्ही. अवधूत. संस्था, यंत्रसामग्री आणि प्रमुख तंत्रज्ञ समान असल्यामुळे दोहोंतील भेद हा साधनांचा नसून दिग्दर्शकीय विचाराचा आहे, असे बऱ्याच निश्चितपणे म्हणता येते. तौलनिक अभ्यासाला असे अनुकूल उदाहरण क्वचितच लाभते. या भेदाचा सर्वांत स्पष्ट आविष्कार ध्वनीच्या योजनेत झालेला आहे. ‘भक्तीकडून सामाजिक वास्तवाकडे’ या सूत्रात हा भेद बसविण्याचा प्रघात आहे. ते सूत्र अपुरे आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

२

फाळक्यांनी कॅमेऱ्याला जी पहिली भूमिका दिली ती साक्षात्काराची. देव प्रकट होणे, अंतर्धान पावणे, एका रूपातून दुसरे रूप निघणे या गोष्टी कीर्तनकार शब्दांनी सांगत होता. फाळक्यांनी त्या दुहेरी छायालेखनाने आणि चित्रण थांबवून पुन्हा सुरू करण्याच्या युक्तीने डोळ्यांसमोर आणल्या. युक्ती उघड असूनही प्रेक्षकाच्या श्रद्धेला तडा जात नव्हता, कारण पात्राची मांडणी दर्शनाला अनुकूल होती. पात्र प्रेक्षकाकडे तोंड करून उभे राही आणि दृष्टीला दृष्टी देई. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, तरी भावाला बाध आला नाही, कारण प्रेक्षक अभिनेत्याचे व्यक्तित्व पाहत नव्हता, रूप पाहत होता.

‘कालिया मर्दन’च्या (१९१९) प्रारंभी फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी प्रथम स्वतःच्या रूपात कॅमेऱ्यासमोर येऊन मुखावरील निरनिराळे भाव दाखविते आणि मग तिचे कृष्णात रूपांतर होते. अभिनयाचे साधन आणि त्यातून सिद्ध होणारे दैवत ही दोन्ही प्रेक्षकापुढे उघडपणे ठेवण्याची ही रीत विचार करण्याजोगी आहे. येथे भ्रम लपविलेला नाही. तरीही भक्तिभाव उणावत नाही. आशिष राजाध्यक्ष आणि गीता कपूर यांनी १९८७ च्या सुमारास केलेल्या विवेचनांमुळे या सन्मुख मांडणीकडे ‘मागासलेले नाटकी तंत्र’ म्हणून न पाहता स्वतंत्र दृश्यपरंपरा म्हणून पाहण्याची दृष्टी मिळाली. मात्र या चर्चेत डोळ्याला जितके महत्त्व मिळाले तितके कानाला मिळाले नाही. वास्तविक मूकपटही निःशब्द नव्हता. चित्रपटगृहातील वाद्ये आणि प्रेक्षकांचे उद्गार यांनी तो भरलेला असे. पडद्याला वाचा फुटली तेव्हा खरा प्रश्न ध्वनी आणण्याचा नव्हता, तर ध्वनीचे नियमन करण्याचा होता.

आरंभीच्या बोलपटांनी या प्रश्नाला सोपे उत्तर दिले : रंगभूमीवरील पदे उचलून पडद्यावर आणावीत. गाणे चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित करावे लागत असल्याने नट ध्वनिग्राहकाच्या आसपास खिळून राही आणि कॅमेरा त्याच्यासमोर. मूकपटाने कमावलेली गती बोलपटाने काही काळ गमावली. ‘अयोध्येचा राजा’मध्ये गोविंदराव टेंबे आणि, गिरगावातील कांदेवाडीत वाढलेल्या, दुर्गा खोटे यांच्या अभिनयामुळे आणि शांतारामांच्या दृश्यरचनेमुळे हा दोष बराच सौम्य झाला, तथापि भाव तीव्र होताच गाण्याकडे वळावयाचे, हा रंगभूमीचा नियम कायम राहिला. १९३६-३७ च्या दोन्ही चित्रपटांची महत्ता अशी की, दोहोंनी हा नियम तपासला आणि त्याची दोन भिन्न उत्तरे दिली.

३

विष्णुपंत दामले हे प्रभातच्या ध्वनिविभागाचे जाणकार. साहेबमामा फत्तेलाल हे कलादिग्दर्शक. दोघेही बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले. ‘संत तुकाराम’ हे एका कानाचे आणि एका डोळ्याचे संयुक्त कार्य आहे, हे पडद्यावरही जाणवते. चित्रपटातील संघर्ष मुळातच ध्वनीचा आहे. तुकारामांची रचना स्वतःच्या नावावर खपविणारा सालोमालो ती गातो तेव्हा तिला तानांचा, हावभावांचा आणि श्रोत्यांवर छाप पाडण्याच्या आकांक्षेचा साज चढतो. विष्णुपंत पागनीस यांचे गायन याच्या अगदी उलट आहे. पागनीस स्वतः रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. तरीही त्यांच्या गाण्यात रंगमंचीय आवाहन जवळजवळ नाही; शब्द पुरा होतो तेथे स्वर थांबतो. एकच काव्य दोन गळ्यांतून ऐकवून दिग्दर्शक खरेखोटेपणाचा निवाडा प्रेक्षकाच्या कानावर सोपवितात. ज्या प्रेक्षकाने संगीत नाटकाच्या पदाला वन्समोअर दिलेला आहे, त्याच्याच अभिरुचीची ही परीक्षा आहे. सालोमालोला दाद द्यावी की नाही, हे त्याला ठरवावे लागते. नैतिक भेद येथे संवादातून सांगितलेला नाही; तो नादाच्या पोतातून जाणवून दिलेला आहे.

या शैलीचा प्रभाव किती खोल होता याचा एक पुरावा चित्रपटाबाहेर सापडतो. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले पद अनेकांना तुकारामांचाच अभंग वाटले. हा केवळ कवीच्या अनुकरणकौशल्याचा विजय नव्हे. संहिता, चाल, गळा आणि दृश्य यांची जी एकात्म व्यवस्था चित्रपटाने उभी केली होती, तिच्यात नवी रचना जुन्या परंपरेचे प्रामाण्य घेऊन उभी राहू शकली.

चमत्कारांच्या दृश्यांतही हाच विचार आहे. धान्याच्या राशी वाढणे, नदीने वह्या परत करणे, अनेक शिवाजी दिसू लागणे, शेवटचे वैकुंठगमन या सर्वांत फाळक्यांचीच युक्ती अधिक सफाईने वापरलेली आहे. फरक असा की, चमत्कारापूर्वी दीर्घकाळ श्रम, उपासमार, चेष्टा आणि प्रतीक्षा दाखविलेली असते. इंद्रायणीकाठच्या उपोषणाचा काळ प्रेक्षकाने सोसल्यावरच वह्या परत येतात. भट्टनायकाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे साधारणीकरण घडते : तुकारामांचे दुःख तुकारामांचे राहत नाही, ते जमलेल्या समूहाचे होते. चित्रपटगृह काही काळ कीर्तनाच्या मांडवासारखे होते.

परंतु एवढेच म्हणून थांबलो तर या चित्रपटातील सर्वांत महत्त्वाचा आवाज निसटतो. तो जिजाईचा होय. गौरी यांनी उभी केलेली जिजाई गातच नाही असे नव्हे, पण तिचे खरे माध्यम गद्य आहे. घरात दाणा नाही, म्हशीचे करायचे आहे, मूल तापाने फणफणले आहे, या वास्तवातून तिची बोली निघते. आजारी मुलाला घेऊन, हातात वहाण घेऊन ती देवळात जाते आणि देवालाच जाब विचारते, तेव्हा अभंगाने भारलेल्या वातावरणात एक वेगळा ध्वनी घुसतो. दिग्दर्शकांनी तो हास्यासाठी राबविला आहे, हे खरे. पण त्या हास्याला धार आहे. शिवरायांच्या नजराण्याचा त्याग तुकाराम करतात तेव्हा त्या त्यागाची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न जिजाईच्या अस्तित्वानेच उपस्थित होतो. वैकुंठाचे आमंत्रण आले तरी तिचा पाय घरातल्या कामातून निघत नाही. पडद्यावर विमान वर जाते आणि जिजाई खाली उरते. समूहाच्या नादात न विरघळणारी ही एक व्यक्ती, आणि ती गृहिणी आहे, ही गोष्ट योगायोगाची नाही. संतचरित्राच्या घाटात तिच्या प्रश्नाला उत्तर नाही. चित्रपटाचा प्रामाणिकपणा असा की तो प्रश्न पुसून टाकलेला नाही.

४

‘कुंकू’चा आशय गिरगावच्या प्रेक्षकाला नवा नव्हता. वृद्धाने तरुण मुलीशी विवाह करावा, हा विषय देवलांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९ मध्येच रंगभूमीवर आणला होता आणि बालविवाह-प्रतिबंधाचा कायदाही १९२९ साली संमत झाला होता. तथापि ‘शारदा’त विवाह टळतो. वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस येते आणि शास्त्राच्याच आधाराने संकट निवारले जाते. शिवाय शारदेचे दुःख पदांतून व्यक्त होत असल्याने प्रेक्षकाला करुणेबरोबरच श्रवणसुखही मिळत असे. दुःखाला दाद देता येत होती. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘कुंकू’त विवाह टळत नाही, तो होतो. ‘शारदा’ जेथे संपू शकली असती तेथे ‘कुंकू’ सुरू होतो. फसवून लावलेले हे लग्न मान्य करण्यास नीरा नकार देते आणि त्याच घरात राहून तो नकार रोज जगते. नकार ही घटना नाही, स्थिती आहे. ती पडद्यावर कशी दाखवावी, हा शांतारामांपुढील तंत्रप्रश्न होता.

त्यांनी काढलेला मार्ग असा : चित्रपटात पार्श्वसंगीत ठेवावयाचे नाही. जो ध्वनी ऐकू येईल तो त्या घरातला, त्या रस्त्यावरचा असला पाहिजे. गाण्यालाही हाच नियम लागू. शांता आपटे यांची नीरा गाते तेव्हा ग्रामोफोनच्या तबकडीसारखे दृश्यातीलच साधन तिला साथ देते. रस्त्यावरचा गाणारा आपल्या आवाजाच्या बळावर गातो. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते तो प्रसंग अनेकदा नवलाईचा म्हणून उल्लेखिला जातो. त्याचे कार्य मात्र आशयाशी निगडित आहे. शिकलेल्या मुलीजवळ स्वतःचे असे जे थोडे उरले आहे ते या कवितेच्या रूपाने त्या घरात ऐकू येते. गाणे येथे कथेचा विराम नाही. ते पात्राचे वर्तन आहे.

पार्श्वसंगीत काढून घेतल्याने काय घडते, याचा विचार रसविचाराच्या परिभाषेत केल्यास अधिक स्पष्टता येते. पार्श्वसंगीत हे सामान्यतः उद्दीपन विभावाचे काम करते. प्रसंग कोणत्या भावाने घ्यावयाचा याची सूचना ते प्रेक्षकाला आधीच देते. ही सूचना नाहीशी झाली की भाव नाहीसा होत नाही. तो वस्तूंकडे सरकतो. ‘कुंकू’त भिंतीवरचे घड्याळ आणि आरसा यांना जे महत्त्व येते त्याचे मर्म येथे आहे. घड्याळ आधी घरातील एक जुनी वस्तू असते. शांततेमुळे ते ऐकू येऊ लागते. ऐकू येऊ लागल्यावर ते काकासाहेबांच्या वयाचे आणि नीरेच्या न सरणाऱ्या दिवसांचे चिन्ह बनते. प्रतीक बाहेरून आणून चिकटविलेले नाही, ते दृश्यातील वस्तूच्या पोटातून निघते. शांतारामांच्या नंतरच्या काही चित्रपटांत प्रतीके अतिशय मुखर झाली, ही टीका रास्त आहे. ‘कुंकू’त मात्र शांततेचा संयम त्यांना आवर घालतो.

केशवराव दाते यांची निवड या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ‘अमृतमंथन’च्या (१९३४) मराठी आवृत्तीत त्यांनी राजगुरू साकारला होता. त्या चित्रपटात राजगुरूच्या डोळ्याचे अतिसमीपदृश्य भीती उत्पन्न करण्यासाठी योजलेले होते. जर्मन चित्रपटांच्या परिचयाचा संस्कार त्यात दिसतो. ‘कुंकू’त त्याच नटाचा चेहरा समीपदृश्यात येतो तो भीतीसाठी नव्हे. काकासाहेब खलनायक नाहीत. ते वकील आहेत, स्वतःला सुजाण मानणारे आहेत आणि त्यांची मुलगी सुशीला, शकुंतला परांजपे यांची ही भूमिका, समाजसेविका आहे. आरशापुढे तारुण्य शोधणारा हा माणूस हास्यास्पद होतो आणि त्याच क्षणी दयनीयही. संगीत असते तर हास्य आणि करुणा यांपैकी एकाची निवड करून दिली असती. निःशब्दात दोन्ही एकत्र नांदतात आणि प्रेक्षकाला त्यांतून सुटका नाही.

दाते आणि भोळे हे दोघेही ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेशी निगडित होते, हे येथे आठवणे आवश्यक आहे. ‘आंधळ्यांची शाळा’ने (१९३३) रंगभूमीवरील पदांचा पसारा आवरून नव्या वास्तवनिष्ठ सादरीकरणाचा पुरस्कार केला होता. म्हणजे ‘कुंकू’तील ध्वनिसंयमाला केवळ परदेशी चित्रपटांचे अनुकरण समजणे चुकीचे ठरेल. त्यामागे मुंबईच्या मराठी रंगभूमीवर चाललेला एक स्थानिक वाद होता आणि त्या वादात भाग घेतलेली माणसेच प्रभातमध्ये काम करीत होती. ज्या संगीतकाराने ‘संत तुकाराम’ला अभंगाचा नाद दिला त्यानेच वर्षभरात संगीत कोठे नसावे याचा निर्णय तोलून धरला.

५

या दोन चित्रपटांना भक्ती आणि वास्तव अशा दोन खणांत बसविणे का अपुरे आहे, हे आता ध्यानात येईल. ‘संत तुकाराम’ प्रेक्षकाच्या श्रवणसंस्काराला आवाहन करतो. पण त्यात नाटकी गायनाची चिकित्साही आहे आणि जिजाईच्या रूपाने समूहनादाला छेद देणारा आवाजही आहे. ‘कुंकू’ तो संस्कार अडवून धरतो. पण अडवण्यासाठी तो प्रेक्षकाच्या कानात आधीपासून असावा लागतो. पदाची अपेक्षा असलेल्याच प्रेक्षकाला पदाचा अभाव जाणवतो. ज्याने कधी वन्समोअर मागितलाच नाही त्याला ‘कुंकू’तील शांतता केवळ शांतता वाटेल. म्हणून या शांततेचा अर्थ गिरगावसारख्या प्रेक्षकसमूहाशिवाय पुरता लागत नाही.

दोन्ही चित्रपटांना जोडणारा धागा स्त्रीच्या गद्य आवाजाचा आहे. जिजाईने देवळात उभे राहून जो जाब विचारला तो भक्तीच्या महानादात अनुत्तरित राहिला. ‘कुंकू’ने तो महानादच काढून घेतला आणि घरातील बाईचे बोलणे, तिचे न बोलणे, तिचे दार लावून घेणे ऐकू येईल अशी जागा निर्माण केली. दुःख सोसता येते, अन्याय सोसता येत नाही, ही नीरेची भूमिका म्हणजे जिजाईच्या कुरकुरीला मिळालेले वैचारिक रूप होय. संतपटाच्या परिघावरील स्वर सामाजिक चित्रपटाच्या केंद्रात आला. हे स्थित्यंतर विषयबदलाने नव्हे, ध्वनीच्या पुनर्रचनेने घडून आले.

मात्र या तंत्राची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ज्या चित्रपटाने प्रेक्षकाला नीरेचा आवाज ऐकण्याची सवय लावली, त्याच चित्रपटाची गाठ काकासाहेबांच्या मतपरिवर्तनाने आणि आत्महत्येने सुटते. निर्णयाचा हक्क अखेरीस पुरुषाकडेच जातो. त्याच्या मृत्यूमुळे त्याला औदार्याचे वलय मिळते आणि नीरेच्या वाट्याला त्या औदार्याचे ऋण येते. पुनर्विवाहाची मुभाही त्यानेच दिलेली. ‘शारदा’त शास्त्राने सुटका केली, येथे पतीच्या पश्चात्तापाने. चित्रणशैलीने जी समता सुचविली ती कथानकाच्या रचनेला पेलली नाही. तंत्र हे आशयाचे वाहन असते असे आपण सहज म्हणतो. ‘कुंकू’त ते आशयाच्या पुढे गेलेले दिसते आणि कथा मागे राहते. जिजाईच्या बाबतीत विमान वर गेले आणि ती खाली उरली. नीरेच्या बाबतीत विमान नाही, पण वर जाणारा पुन्हा पतीच आहे.

ही मर्यादा सांगूनही एक गोष्ट शिल्लक राहते. प्रेक्षकाच्या भावना जागवणे म्हणजे त्याला भारून टाकणे, असे समीकरण त्या काळी बोलपटाच्या धंद्यात रूढ होत होते आणि पुढे ते पक्के झाले. त्याच्या ऐन उभारणीच्या काळात, एकाच संस्थेतील दिग्दर्शकांनी नाद केव्हा द्यावा आणि केव्हा रोखावा हा नैतिक प्रश्न मानला. मॅजेस्टिकच्या जागी आज व्यापारी संकुल उभे आहे आणि फणसवाडीच्या आसपासच्या वाड्यांचे रूपही पालटले आहे. त्या प्रेक्षागृहांचे ऐकणे आता प्रत्यक्ष अनुभवता येणार नाही. परंतु ते ऐकणे या दोन चित्रपटांच्या ध्वनिरचनेत, एकात साथीच्या रूपाने आणि दुसऱ्यात अभावाच्या रूपाने, मुद्रित झालेले आहे. मराठी चित्रपटाच्या इतिहासकाराने केवळ चित्रचौकट न पाहता हा मुद्रित कानही वाचावयास हवा.